आपली खबर आपल्याच तोंडानं

(बाभुळगाव इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, फक्त पुनरुक्ती काढली.)



मी गोदी कामगार. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, पण आज कविता म्हणायला उभा नाही. तुम्ही मला विषय दिलाय, मोबाईलवरची गावची बातमी. आज बाभुळगावच्या एस.टी. स्टँडवर दहा पोट्टे उभे असले तर त्यातले चार पत्रकार निघतात. एकाचं फेसबुकचं पान, दुसऱ्याचा व्हॉट्सॲपचा ग्रुप, तिसऱ्याचं यूट्यूबचं चॅनल. हातात दांडका, दांडक्यावर चॅनलचं नाव. नळ आला नाही, टाक. बस उलटली, टाक. साहेबांचा वाढदिवस, टाक. मी म्हणतो टाका ना बाप्पा, जरूर टाका. पण टाकणारा कोण, तो कुणाच्या वतीनं टाकतो, आणि काय काय टाकतच नाही, याचा हिशेब कुणीतरी मागितला पाहिजे. तो मागायला मी आलो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. खबर वाहणं हे या देशात आपलंच काम होतं. गावचा पाटील मेला तर त्याच्या सोयऱ्यांच्या गावाला उन्हातान्हात पळत जाऊन सांगणारा कोण? आपला आजा. दवंडी देणारा कोण? आपला आजा. सरकारी थैली पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणारा, रात्री-बेरात्री ज्याच्या दारावर काठी आपटून 'ऊठ रे' म्हटलं जायचं तो कोण? आजच्या भाषेत सांगायचं तर आपला आजा म्हणजेच गावचं नेटवर्क. चोवीस तास चालू, आणि रिचार्ज म्हणाल तर शिळी भाकर. पण त्याच आजाच्या घरात पोर उपाशी मेलं तेव्हा ती खबर घेऊन कोण धावला? कुणीच नाही. पाय आपले अन् खबर त्यांची. हजारो वर्षं हे असंच चाललं. आज पायाच्या जागी मोबाईल आला. सवाल तोच आहे की या मोबाईलवरून आपण कुणाची खबर वाहतो?

बाभुळगावानं हा विषय काढला याला अर्थ आहे. जवाहरलाल दर्डांचा जन्म याच गावचा, १९२३ सालचा. स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेला हा माणूस. १९५२ साली त्यांनी बापूजी अण्यांच्या जुन्या पत्राचं नाव घेऊन यवतमाळातून साप्ताहिक 'लोकमत' काढलं. १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरातून त्याचं दैनिक झालं आणि आज महाराष्ट्रातल्या मोठ्या खपाच्या दैनिकांत त्याची गणना होते. म्हणजे या मातीतला माणूस छापखाना उभारू शकतो हे सिद्ध झालेलं आहे. मग याच मातीतला, पण बौद्धपुऱ्यातला, पारध्याच्या बेड्यावरचा, कोलामाच्या पोडावरचा माणूस काऊन नाही उभारू शकला? अक्कल कमी होती काय त्याला? अक्कल भरपूर होती. पण कागद विकत घ्यायला पैसा नव्हता, छापखाना नव्हता, जाहिरात देणारा सोयरा नव्हता. वर्तमानपत्र शाईवर चालतं असं आपल्याला शाळेत वाटायचं. ते जाहिरातीवर चालतं. तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर घ्या. बहुतेक ठिकाणी त्याला धड पगार नसतो, जाहिरातीचं कमिशन हीच त्याची रोजी. तो बिचारा बातमी कुणाची देईल? वाढदिवसाचं अर्धं पान घेणाऱ्याची देईल की हापशीला पाणी नाही म्हणून रडणाऱ्या शेवंतामावशीची? त्या एकट्याला शिव्या देऊन काय होणार! पोटाला बांधलेला माणूस आहे तो, माझ्यासारखाच. दोष त्या रचनेचा आहे.

वर तर काय चित्र आहे? २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी देशातल्या वृत्तपत्रं, वाहिन्या, नियतकालिकं यांची पाहणी केली. संपादक, ब्युरोप्रमुख अशा वरच्या १२१ जागा त्यांनी मोजल्या. १०६ जागांवर सवर्ण. अनुसूचित जातींचा एक नाही. अनुसूचित जमातींचा एक नाही. एकशे एकवीस खुर्च्या आणि त्यांत बूड टेकायला आपल्याला एक पाटसुद्धा नाही! म्हणून तर आपल्या वस्तीवर पन्नास जण काठ्या-कुऱ्हाडी घेऊन चालून येतात आणि दुसऱ्या दिवशी छापून येतं, 'दोन गटांत हाणामारी'. दोन गट? एका बाजूला मारणारे, दुसऱ्या बाजूला मार खाणारे, आणि हे म्हणे दोन गट! या दोन शब्दांत आख्खी जातिव्यवस्था मावते. शब्द कोण निवडतो त्यावर न्याय ठरतो, दोस्तहो. फौजदार तोच पेपर वाचून ठाण्यात बसलेला असतो.

आपल्या माणसांना हे फार आधी कळलं होतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० साली 'दीनबंधु' हाती घेतला तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगाराचं दुःख पहिल्यांदा छापलं जाऊ लागलं. पुण्याला शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला. आपल्या विदर्भात किसन फागुजी बनसोड्यांनी नागपुरातून एकामागून एक पत्रं काढली, बंद पडली, पुन्हा काढली. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. आणि पैसे देऊ म्हटलं तरी त्याची साधी जाहिरात छापायला 'केसरी'नं नकार दिला. बघा, बातमी तर सोडाच, आपली विकत घेतलेली चार बोटं जागासुद्धा त्यांना विटाळत होती. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आलं. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. बॅरिस्टर झालेला माणूस, चळवळ डोक्यावर, आणि रात्री बसून पत्र भरतो आहे. कशासाठी? आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली की ती दुसऱ्याची होते, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. अन् ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यासाठी भीमराव कर्डकांसारखे जलसेवाले होते. जलसा म्हणजे आपलं पहिलं बोलतं वर्तमानपत्रच. महाडला काय झालं, नाशिकला काय झालं, ते ढोलकीवर गावोगाव गेलं.

बातमी दाबली की काय होतं याचे तीन दाखले देतो.

पहिला माझ्या रोजीच्या जागेचा. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि त्याच पोटात दारूगोळा. आग लागली, दोन महाभयंकर स्फोट झाले, गोदी उडाली, आसपासच्या वस्त्या जळाल्या. शेकडो माणसं मेली, त्यात आग विझवायला गेलेले बंबवाले आणि गोदीतले मजूर. युद्ध चालू, इंग्रज सरकारनं तोंडाला कुलूप घातलं. मुंबईत काय झालं ते दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं जगाला सांगितलं. इथल्या पत्रकारांना बातमी बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. घर आपलं जळालं आणि ते सांगितलं सायगावनं.

दुसरा दाखला विदर्भाचा. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावाच्या जमावानं मारून टाकले. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेची पन्नास वर्षं साजरी करायला लाखो लोक जमले. शेजारच्याच जिल्ह्यात काय होऊन बसलंय याचा त्यातल्या बहुतेकांना पत्ता नव्हता. पेपरांत सुरुवातीला जे आलं ते अनैतिक संबंधांच्या रागातून झालेलं हत्याकांड म्हणून. बाई मेली ती मेली, वर तिची अब्रूही मारली. सत्य बाहेर काढलं ते गावात जाऊन चौकशी केलेल्या कार्यकर्त्यांनी, हातोहात वाटलेल्या पत्रकांनी, ई-मेलनं, ब्लॉगांनी. विदर्भ रस्त्यावर उतरला तो नोव्हेंबरात. मधला महिना कुणी खाल्ला? त्या महिन्यात किती पुरावा धुतला गेला, याचा हिशेब कोण देणार?

तिसरा दाखला आपल्या जिल्ह्याचा, आपल्या पाठीवरचा. २०१७ चा पावसाळा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना औषधाची बाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो आजारी पडले. पाठीवर पंप कुणाच्या होता? बहुतांशी रोजंदारी करणाऱ्याच्या. जुलैच्या शेवटी रोगी यायला लागले, ऑगस्टात, सप्टेंबरात यवतमाळच्या सरकारी दवाखान्याचे वॉर्ड भरत गेले. आणि राज्यभर बोंब कधी झाली? ऑक्टोबरात. तालुक्या-तालुक्यातून रोजची एकेक साधी बातमी जरी वर गेली असती की आज आमच्या गावचा एक गडी फवारून घरी आला, त्याला दिसेनासं झालं, दवाखान्यात नेला, तर दुसऱ्या गावच्या गड्यानं पंप खाली ठेवला असता. बातमी म्हणजे करमणूक नव्हे रे. वेळेवर पोचलेली बातमी म्हणजे वाचलेला जीव.

आता मोबाईलकडं येतो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ज्याच्या घरात पेपर येत नव्हता त्याच्या हातात छापखाना, रेडिओ अन् टीव्ही एकदम आला. ही क्रांतीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगलांचं निमंत्रण आयोजकांनी रद्द केलं. मंडपात जे भाषण होऊ दिलं नाही ते मोबाईलवरून मराठीत गावोगाव वाचलं गेलं. आणि उद्घाटन केलं कुणी? आपल्या शेजारच्या कळंब तालुक्यातल्या वैशाली येडेंनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या बायकोनं. तिचे शब्दही असेच फिरले. मंडपाचा दरवाजा बंद करता येतो, पण हातातला मोबाईल बंद करायला अजून कुणाला जमलं नाही.

बाहेरही बघा. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटला २००२ साली दलित, खेड्यातल्या बायांनी 'खबर लहरिया' सुरू केलं. आधी छापील पत्र, मग मोबाईलवर व्हिडिओ. ज्या बाया अक्षर उशिरा शिकल्या त्या ठाणेदाराच्या टेबलासमोर मोबाईल धरून विचारतात, गुन्हा का नाही नोंदवला? छत्तीसगडात २०१० पासून 'सीजीनेट स्वर' चाललं. आदिवासी माणूस साधा फोन लावतो, गोंडीत आपली तक्रार बोलतो, दुसरा फोन लावून ती ऐकतो. लिहिता यायची गरज नाही, इंटरनेटची गरज नाही. २०२१ साली मीना कोटवाल यांनी बाबासाहेबांच्या पत्राचं नाव घेऊन 'द मूकनायक' हे संकेतस्थळ चालू केलं. म्हणजे वाट आहे. ती मळवलेली आहे. आपण तिच्यावर चालतो काय, एवढंच बघायचं.

कारण दुसरी बाजूही आहे, आणि ती भयंकर आहे.

एका गावच्या ग्रुपची गोष्ट सांगतो. नाव गाव सांगत नाही. ग्रुपचं नाव मोठं गोड, 'आपलं गाव, आपली बातमी'. उन्हाळ्यात आमच्या एका ताईनं त्यावर वस्तीतल्या कोरड्या नळाचा व्हिडिओ टाकला. दहा मिनिटांत ॲडमिननं तो पुसला. वर लिहिलं, 'कृपया राजकीय पोस्ट टाकू नये.' त्याच दिवशी त्याच ग्रुपवर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे सव्वीस बॅनर होते. ते राजकीय नव्हते म्हणे! ताईनं विचारलं, 'काऊन पुसलं भाऊ?' तर तिलाच काढून टाकलं. आता मला सांगा, यात नवीन काय आहे? ही जुनी वेसच. पूर्वी तिला दगडाच्या भिंती होत्या, आता 'रिमूव्ह'चं बटण आहे. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, पण गावकुसाबाहेरचा माणूस त्यात हळदी-कुंकवाच्या फोटोला अंगठा दाखवण्यापुरताच. तो बोलला की बाहेर.

अन् हातात मोबाईल आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असंही समजू नका. मे २०१५ मध्ये शिर्डीला आपल्या एका तरुण पोराला मारून टाकलं. कारण काय? मोबाईलची रिंगटोन वाजली, ती बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. यंत्र नवं अन् मनं तीच.

आणि १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाच माणसं! भटकी, बिनघराची, आपल्यातलीच. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जागी पुढं ढकलता येईल असा बांध घातला. पाच माणसं मेल्यावर पाचचा बांध. ती अफवाही कुणाला तरी 'आपली लोकल न्यूज'च वाटली होती. तिला कुणी एक सवाल विचारला नाही, की कुणाचं मूल, कुठल्या गावचं, कधी पळवलं?

इथं मला माझ्या धंद्यातलं एक काम सांगू द्या. जहाजातून माल उतरतो तेव्हा नुसता उतरत नाही. त्याची टॅली होते. जहाजाच्या कागदावर किती नग लिहिलेत, प्रत्यक्ष किती खाली आले, फुटके किती, ओले किती, हे टॅली क्लार्क मोजून लिहितो. शेडमध्ये जाताना पुन्हा मोजणी. 'मला वाटतं शंभर असतील' असं तिथं चालत नाही. मी कवी आहे. कवितेत मी म्हणेन, हजार सूर्य विझले, कुणी मोजायला येणार नाही. पण बातमीत दोन मेले तर दोनच लिहायचे. अडीच लिहिले की उद्या ठाणेदार त्या अर्ध्यावर बोट ठेवून दोन्ही प्रेतं खोटी ठरवतो. लक्षात ठेवा, त्यांची चुकीची बातमी ही 'अनवधान' असते, आपली चुकीची बातमी हा गुन्हा असतो. म्हणून आपली टॅली त्यांच्यापेक्षा दुप्पट कडक पाहिजे.

आणि आणखी एक. हा छापखाना आपल्या हातात आहे, मालकीचा नाही. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही तिन्ही दुकानं एकाच मेटा कंपनीची. यूट्यूब गुगलचं. आपण त्यांच्या गोदीत माल टाकणारे फुकटचे हमाल. ज्यावर लोक जास्त भडकतील, जास्त वेळ थांबतील, ते वर चढवायचं हा त्यांचा धंदा. हापशीची बातमी खाली बसते, शिवीगाळीचा व्हिडिओ वर तरंगतो. ज्याच्याकडं पैसे तो 'बूस्ट' करतो. उद्या शंभर जणांनी मिळून तक्रार केली की आपलं पान गायब. कुणाला विचारणार? बाभुळगावात त्यांचं ऑफिस आहे काय? म्हणून मोबाईल वापरा, पण आपली सगळी स्मृती त्याच्या पोटात ठेवू नका.

तर काय करायचं? नुसता शंख करून मी जाणार नाही. कामं सांगतो.

आपला ग्रुप आपण काढायचा. बाभुळगाव तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीतून दोन जण, त्यात एक बाई असलीच पाहिजे. हापशी कुठं बंद आहे, रेशन किती कमी दिलं, अंगणवाडीत कुणाच्या पोराला वेगळं बसवलं, रोजगार हमीची मजुरी किती दिवस अडली, हे तिला आधी कळतं. बेंबळा धरण याच तालुक्यात, खडक सावंग्याला उभं आहे. त्याचं पाणी कुणाच्या शिवारात गेलं आणि जमीन कुणाची बुडाली, ही बातमी बेंबळेच्या काठावरचा माणूसच नीट सांगेल, मुंबईचा नाही. बेडा, पोड, मुसलमानांचा मोहल्ला, भूमिहीन कुणब्याचं घर, सगळे आत पाहिजेत. नाहीतर आपणही आपल्याभोवती एक छोटं गावकूसच बांधू.

ॲडमिन दर तीन महिन्यांनी बदलायचा. कायमचा ॲडमिन म्हणजे नवा पाटील. पोस्ट पुसली तर का पुसली ते ग्रुपवर लिहायचं. आणि घाबरू नका. सभासदानं काही वाईट टाकलं, त्यात ॲडमिनचा हात नसला, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, असं २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं आहे. पण जाणूनबुजून आग लावाल तर कुणी वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

बातमी टाकण्याआधी जागेवर जायचं. कुणी पाहिलं, कधी, कुठं, हे विचारायचं. मग समोरच्यालाही विचारायचं. तलाठी असो, ग्रामसेवक असो, ठाणेदार असो, तो काय म्हणतो ते त्याच्या शब्दात लिहायचं. तो बोलला नाही तर 'बोलले नाहीत' असं लिहायचं. कागद लागला तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही दहा रुपये लागत नाहीत. दहा रुपयात चहा येतो की नाही ठाऊक नाही, पण सरकारची वही उघडते.

बाईवर अत्याचार झाला तर तिचं नाव, तिचा फोटो, तिच्या घराची खूण, काही टाकायचं नाही. कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो गुन्हाच होता. आपल्या प्रेतांची जत्रा मांडायची नाही. प्रेत दाखवून मिळवलेली सहानुभूती दोन दिवस टिकते. त्यापेक्षा गुन्हा नोंदवला की नाही, अॅट्रॉसिटीचं कलम लावलं की नाही, तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो की नाही, साठ दिवसांत दोषारोपपत्र गेलं की नाही, हे दर आठवड्याला विचारत राहा. बातमी एकदा टाकून पळणारे पुष्कळ आहेत. आपण तीच बातमी निकाल लागेपर्यंत धरून ठेवायची.

शेवटचं काम सगळ्यात जुनं आहे. एक रजिस्टर घ्या. जाड पुठ्ठ्याचं. मोबाईलवर जे गेलं ते तारीखवार त्यात उतरवा, बातमी आणणाऱ्याच्या सहीनिशी. आणि बुद्धविहाराच्या भिंतीवर एक फळा लावा. आठवड्याच्या बातम्या त्यावर खडूनं लिहा. रविवारी वंदना झाली की एका पोरीनं त्या मोठ्यानं वाचायच्या. ज्या म्हातारीकडं मोबाईल नाही ती ऐकेल, आणि चुकलं असेल तर तिथंच म्हणेल, 'अवं तसं नव्हतं झालं बाई, म्या होतो ना तिथं.' तिच्याइतका कडक संपादक तुम्हाला नागपुरात मिळणार नाही. कंपनीनं पान बंद केलं तरी फळा बंद होत नाही. बॅटरी संपली तरी रजिस्टर उघडतं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गावच्या एवढ्याशा बातमीनं काय क्रांती होणार? मी म्हणतो, अन्याय तरी कुठं मोठ्या गावात होतो? तो एका नळावर होतो, एका चहाच्या कपावर होतो, एका रेशनच्या काट्यावर होतो. किलोमागं शंभर ग्रॅम. तेवढ्याच मापाची बातमी त्याला पुरून उरते. पण ती रोज पाहिजे, खरी पाहिजे आणि आपल्या सहीची पाहिजे.

आपला आजा दुसऱ्याच्या मयताची खबर घेऊन अनवाणी धावला. त्याच्या पायाला आलेल्या फोडांची बातमी कुठल्याच पेपरात नाही. आपण ती शोधू शकत नाही आता. पण आज रात्री तुमच्या वस्तीत कुणाच्या घरी काय झालं, ते तुम्ही उद्या सकाळी सांगू शकता. रजिस्टर विकत घ्यायला वर्गणी काढा. माझे पन्नास रुपये हे घ्या, आणि पहिल्या पानावर आजची तारीख टाका.

जयभीम.